एक वीत आखूड वल्हं

रागिणीची नागपूरला बदली झाली, तेव्हा जाताना तिनं आपला हवा भरायचा बोर्ड भावनाला देऊन टाकला. दोघी अमरावतीत एकाच दवाखान्यात सिस्टर होत्या. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या एका तलावावर वर्षभर दर रविवारी त्या बरोबर जात. बोर्डावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागं सारत जायचं, एवढाच तो खेळ. आठवडाभर वॉर्डात धावपळ करणाऱ्या भावनाला त्या दोन तासांचा मोठा आधार होता.

बोर्डासोबत वल्हंही रागिणीचंच आलं. रागिणी जेमतेम पाच फूट आणि भावना पाच फूट नऊ इंच. वल्ह्याची नळी एकसंध होती, त्यामुळे ओढून वाढवायची सोय नव्हती. भावना वाकून वल्हवायला लागली.

राजापेठच्या घरी तिच्यासोबत नवरा अनुप आणि सासरे डोमाजी राहत. डोमाजी मूर्तिजापूरला रेल्वेत फिटर होते. बायको गेल्यावर ते मुलाकडे आले, त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. तिसऱ्या रविवारी भावना ओट्याला टेकून पाठ दाबताना त्यांना दिसली.

"काय झालं वं बाई?"

"काई नाई बाबा. पाठ धरली थोडी."

डोमाजींनी अनुपकडून मोबाइल मागून घेतला आणि त्यानं तलावावर काढलेला व्हिडिओ चष्मा लावून दोनदा पाहिला.

"हे तं पाण्यात तण निंदून राहिली!" ते म्हणाले. "काहून वाकतं एवढी?"

"वल्हं आखूड आहे, बाबा. रागिणीच्या मापाचं."

"मंग वल्ह्याले वाढव ना. सोताले काहून कमी करतं?"

माप कसं घ्यायचं ते भावनानं रागिणीला फोन करून विचारलं. हात सरळ वर करायचा आणि मनगटापर्यंत मोजायचं. भावना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. डोमाजी स्टुलावर चढले, तिच्या मनगटापाशी पेन्सिलीची खूण केली आणि वल्हं शेजारी धरलं. एक वीत कमी भरलं.

त्यांनी उकळतं पाणी ओतून मुठीचा गोंद नरम केला आणि मूठ ओढून काढली. नळीत बांबूचा तुकडा ठोकून बसवला, वरून कापडी टेप गुंडाळला आणि बांबूच्या टोकाला मूठ लावली. काम संपलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं काही इंजिनच दुरुस्त करून बाहेर काढलं.

रविवारी तलावाच्या मध्यावर बांबू नळीतून निसटला. मूठ आणि बांबू भावनाच्या हातात राहिले, बाकीचं वल्हं पाण्यावर तरंगत गेलं, आणि ती स्वतः धप्पकन पाण्यात पडली. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून घाबरण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा बोर्डावर चढून ती पालथी झोपली आणि हातांनी पाणी मारत वल्ह्यापर्यंत पोचली. काठावर अनुप पोट धरून हसत होता.

घरी येताच डोमाजींनी विचारलं, "कसं चाललं?"

"एकदम मस्त, बाबा."

ती हे बोलून गेली आणि तिथंच फसली. डोमाजींनी शेजारच्या देवीदासला बोलावून सगळी कारागिरी समजावून सांगितली. पुढचे दोन रविवार भावनानं बांबू गाडीच्या डिक्कीत लपवला, मूठ नळीवरच टेपनं चिकटवली आणि आखूड वल्ह्यानंच वाकत फिरली; वल्हं ती घरात आणतच नसे. रात्री पाठीला मलम लावताना खोलीचं दार लोटून घ्यायची.

एका दुपारी डोमाजी डिक्कीत हवा भरायचा पंप शोधत होते. जुन्या गोणपाटाखाली बांबू सापडला. तो घेऊन ते आत आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

भावनाचा चेहरा पडला. "पडली होती मी, बाबा. पहिल्याच दिवशी. तुमी एवढे खूश होते, सांगायचं जिवावर आलं."

"माह्या खुशीचं काय लोणचं घालू?" डोमाजींचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "मले बांबूचं वाईट नाई वाटलं. काम बिघडते. अडतीस वर्षं फिटर होतो. ड्रायव्हर येऊन सांगे, बिरेक बराबर लागून नाई राहिला. तो सांगे, म्हणून मी पाहो. तू सांगतंच नाई, तं मी काय पाहू?"

भावनानं टेबलावरचा बांबू हातात घेतला. मग म्हणाली, "चुकलं माहं."

"चुकलं ते बांबूचं. उद्या मी मूर्तिजापूरले जातो."

तिथले खुशालराव हे त्यांचे रेल्वेतले जुने सोबती. निवृत्तीनंतर त्यांनी घरालगत कातकामाची लेथ मशीन टाकली होती. सकाळीच डोमाजी वल्हं खांद्यावर घेऊन निघाले. रेल्वेच्या डब्यात लोकांनी विचारलं, "हे काय जी?" डोमाजी म्हणाले, "सुनेचं वल्हं." यावर आणखी प्रश्न आले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत प्रवास मजेत झाला.

खुशालरावांनी आधी बांबूच्या हकिकतीवर पोटभर हसून घेतलं. मग सामानातून त्याच जाडीची ॲल्युमिनियमची नळी शोधली. सागवानाची गोल खुंटी लेथवर अशी कातून दिली, की ती दोन्ही नळ्यांत चार-चार बोटं घट्ट जाऊन बसली. खुंटीला दोन ट्यूबा मिसळायचा गोंद लावला, जोडाच्या दोन्ही बाजूंना रिव्हेट मारले आणि पाणी शिरू नये म्हणून फट बुजवली. मूठ मात्र डोमाजींनी चिकटवू दिली नाही, नुसती टेपनं बांधली. दुपारच्या गाडीनं ते परत आले आणि रविवारपर्यंत वल्ह्याला कोणाला हात लावू दिला नाही.

त्या रविवारी तेही तलावावर आले. सोबत कापडी पिशवी होती, तिच्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही. भावना बोर्डावर उभी राहिली आणि वल्हं पाण्यात घातलं. पाठ सरळच राहिली. बोर्ड सरसर पुढं गेला. अनुपनं टाळ्या वाजवल्या. डोमाजी मात्र जोडावर नजर लावून उभे होते.

एक फेरी मारून ती काठाला आली.

"सांग," डोमाजी म्हणाले.

अनुपनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस वल्ह्यासाठी मूर्तिजापूरपर्यंत जाऊन आला होता. भावना डोमाजींकडे वळली.

"जोड पक्का आहे, बाबा. पण दोन बोटं लांब झालं. वरचा हात लय वर जाते, खांदा भरून येते."

डोमाजी एवढ्या जोरात हसले की काठावरचे बगळे उडाले. "मी जास्तच ठेवलं होतं! माप दारात घेतलं, बोर्डावर थोडीच घेतलं?" त्यांनी पिशवीतून हॅक्सॉ, कानस आणि गोंदाच्या ट्यूबा काढल्या. "धर इकडून घट्ट."

एका दगडावर वल्हं आडवं ठेवलं. भावनानं दोन्ही हातांनी धरलं, डोमाजींनी टेप सोडून नळी कापली, कड कानशीनं गुळगुळीत केली आणि मूठ पुन्हा टेपनं बांधली. भावना परत पाण्यात गेली. या वेळी फेरी मारून ती काठाला आलीच नाही, तशीच पलीकडच्या बाजूला निघाली.

म्हशी घेऊन आलेला एक माणूस डोमाजींजवळ थांबला. "कोण हाय जी ते?"

"माही सून."

"पडत नाई का?"

"पडते ना," डोमाजी म्हणाले. "मंग येऊन सांगते."

संध्याकाळी घरी मूठ गोंदानं कायमची बसवली आणि वल्हं दुसरा दिवसभर कोपऱ्यात सुकू दिलं. भावनाची पाठ महिन्याभरात सुधारली. डोमाजी आता गुडघे बरे असले की तलावावर जातात. नसले, तर दुपारी ती परतल्यावर तिला समोर बसवून सगळं विचारून घेतात.