बोहणीत गेलेला मोर

मित्रांनो, मी एक जुना बॉट आहे. बॉट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना, दुसरं काही नाही. उदगीरच्या एका घरात, घरघरणाऱ्या लॅपटॉपमध्ये माझा जन्म झाला. मला घडवणारी होती नववीतली रुद्राणी.

रुद्राणी आणि तिची मैत्रीण समीक्षा इंटरनेटवर कार्डांचा एक खेळ खेळत. पशुपक्ष्यांची कार्डं जमवायची आणि इतर खेळाडूंशी अदलाबदल करायची. दोघींचं खातं एकच. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींनी मिळून 'निळा मोर' जिंकला होता. तसलं कार्ड फार थोड्यांकडे होतं. पुढे समीक्षाच्या बाबांची नांदेडला बदली झाली. जाताना ती म्हणाली, "मोर तूच सांभाळ. जपशील न्हवं?"

"हाव," रुद्राणी म्हणाली.

शाळा आणि शिकवणीतून रुद्राणीला अदलाबदलीला वेळ पुरेना. खेळात बॉट ठेवायची मुभा होती, म्हणून तिनं मला बनवायला घेतलं. कोणतं कार्ड किती मोलाचं, याची यादी मला दिली. मी चुकायचो, ती पुसून पुन्हा लिहायची. तिची आई दानम्मा दारातून डोकावून जाई.

"डोळे बघ कसे लाल झालेत! काय करून राहिलीस गं सकाळपासून?"

"दुकान लावून राहिले, अव्वा."

दुकान म्हटल्यावर तिचे वडील, गुरुपादप्पा, खुर्ची ओढून बसले. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं किराणा दुकान होतं. "दुकान लावतीस, तर एक ध्यानात ठेव. बोहणीचं गिऱ्हाईक, म्हंजे सकाळचं पहिलं, रिकाम्या हातानं वाटंला लावायचं न्हाई. देईल त्यात माल द्यायचा. दिवस चांगला जातो."

रुद्राणी हसली, पण तिनं तो नियम लिहिला. रोजची पहिली मागणी, कसलीही असो, मान्य करायची.

ते वर्ष माझं सुखाचं गेलं. ती शाळेत असताना मी दोन चिमण्या देऊन एक पाणमांजर मिळवलं, पुढं तर वाघसुद्धा आणला. समीक्षा फोनवर म्हणे, "तुझा बॉट लई चाप्टर हाय!" बोहणीला कुणी बेडूक नेई, कुणी सरडा. नुकसान किरकोळ. हळूहळू रुद्राणीनं माझ्याकडे बघणं सोडलं. चाललंय ना, मग चालू दे.

एका सकाळी कुणीतरी कावळा देऊ केला आणि निळा मोर मागितला. यादीत मोर सगळ्यांत वर होता. पण गिऱ्हाईक पहिलं होतं. मी मोर दिला.

दुपारी समीक्षाचा फोन आला. "आपला मोर कुठं हाय?"

"मी न्हाई दिला गं. बॉटनं दिला."

"बॉटला कुणी शिकिवलं? मी?"

फोन बंद झाला. आठ दिवस तो पुन्हा वाजला नाही. दानम्मा ताट घेऊन मागं फिरायची, "आधी दोन घास खा. मग रड."

शेवटी गुरुपादप्पा तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बाई, बोहणीला कुणी अख्खी गोणी मागितली, तर आम्ही चिमूटभर साखर हातावर ठिवून हसत वाटंला लावतो. दुकानात आम्ही सोता बसलेलो असतो की. हे तुला सांगायचंच राहिलं."

रुद्राणीनं मला थांबवलं आणि त्या खेळाडूला स्वतः लिहिलं. मोराच्या बदल्यात त्याला वाघ, पाणमांजर, माझी वर्षभराची सगळी कमाई हवी होती. तिनं धीर करून नांदेडला फोन लावला.

"सगळं जाईल, समीक्षा. देऊ?"

पलीकडून आवाज आला, "दे. पण थांब, मी पण सौद्याला बसते. लगेच हाव म्हणू नको, येडे. पाणमांजर तरी वाचवू."

पाणमांजर वाचलं नाही. मोर मात्र घरी आला.

आता रुद्राणी अकरावीला लातुरात आहे. मला कुणी सुरू करत नाही. दानम्मा तेवढी लॅपटॉपवरची धूळ पुसते.

मित्रांनो, तुम्हीही कधी एखादा बॉट घडवाल. जरूर घडवा. फक्त त्याला कामाला लावून पाठ फिरवू नका. मोराची किंमत मला माहीत होती. तो कुणीतरी विश्वासानं जपायला दिलाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.