बसायची खुर्ची, बघायची खुर्ची

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. हो हो, तीच, पॅडल दाबलं की वर जाणारी. ऐका, पण मान सरळ ठेवून!

मी घडले कारखान्यात, पण माणसांत आले ती मालकांच्या दुकानात. बाहेर तोऱ्यात फिरणारी माणसं गळ्याभोवती कापड बांधलं की कशी गरीब गाय होतात, ते मी पाहिलंय. पोरं तर बसायच्या आधीच भोकाड पसरायची. मालक पॅडल मारत म्हणायचे, "चला, विमान उडालं!" की रडणं बंद. शेवटी प्रत्येकाच्या मानेवर पावडरचा पफ फिरायचा.

पुढे मालकांचे हात थरथरायला लागले. दुकान विकून त्यांनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं. तिचं घर दोन खोल्यांचं, म्हणजे माझी रवानगी भंगारात!

लेक वस्तुसंग्रहालयात कामाला. जुन्या वस्तूंचे चहूबाजूंनी फोटो काढून ती कॉम्प्युटरवर त्यांची हुबेहूब प्रतिकृती करते.

"बाबा, हिचीही करते. मग कॉम्प्युटरला जोडलेला तो डोळे झाकणारा मोठा चष्मा लावलात की ही तुमच्यासमोर हजर!"

 म्हणजे मी भंगारात आणि माझं सोंग चष्म्यात!

फोटो निघणार म्हणून मालकांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. झालं! कॉम्प्युटरवर माझ्या हातांच्या जागी नुसती भोकं.

"अहो बाबा, चमक प्रत्येक फोटोत वेगळ्याच जागी दिसते, मग फोटो जुळत नाहीत. धूळ असती तर बरं झालं असतं!"

"धूळ कशाला? माझ्याकडे डबा आहे की!" म्हणत मालकांनी पफ काढला. जन्मात पहिल्यांदा मला पावडर लागली. अगं बाई, काय गुदगुल्या झाल्या!

भंगारवाला यायच्या दिवशी लेकीने मला ओढत दारात नेलं. रिकाम्या दुकानात मालकांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"अगं, अगदी तीच! लहानपणी तू कात्रीने भोसकलंस ना, ते भोकसुद्धा आहे!"  त्या आनंदात मालक वळले आणि सवयीने टेकायला गेले.

धप्प!

"बाबा! लागलं का?"

"नाही गं. पण ही बया नुसतीच दिसते, बसू देत नाही!"

लेकीने चष्मा काढून त्यांना उठवलं. पण बसवणार कुठे? धावत येऊन तिने मलाच आत ओढलं. मालक बसले, माझ्या उशीला डोकं टेकलं आणि त्यांनी डोळे मिटले. लेक बघत राहिली. मग हळूच पॅडल दाबून म्हणाली, "चला, विमान उडालं!" मालक लहान पोरासारखे हसले.

तेवढ्यात भंगारवाला दारात. "खुर्ची नेऊ ना?"

"नको. घरी चला, आमचा सोफा न्या."

आता मी लेकीच्या खिडकीपाशी असते आणि मालक माझ्यावर पेपर वाचतात. प्रतिकृतीवर माझा मुळीच राग नाही. तिला बघायला वस्तुसंग्रहालयात लांबून माणसं येतात म्हणे. माझं एवढंच सांगणं आहे, मला बघायचं असेल तर खुशाल चष्मा लावा. पण बसायचं असेल, तर आधी तो काढा, बाबांनो!