प्रोपिड्यूटिक गणिताचा वर्ग

मॉरीन एन्टविसल आमच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं एकच वर्ग घेते. शाळेत ज्यांचं गणित कच्चं राहिलं, त्यांना रसायनशास्त्र सुरू होण्याआधी अपूर्णांक आणि गुणोत्तरं शिकवते. वर्गाचं नाव होतं 'सुरुवातीपासून गणित'. मुलं यायची. मी शेजारच्याच प्रयोगशाळेत शिकवते, आणि मॉरीनच्या हाताखालून न गेलेला विद्यार्थी मला लांबूनच ओळखू येतो. पाण्यात एक दशांश ॲसिड घाल म्हटलं, तर ॲसिडमध्ये एक दशांश पाणी घालतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो.

यंदा नवे विभागप्रमुख आले, क्रिस्पिन फेअरहर्स्ट. जुनं नाव त्यांना भाजीच्या दुकानावरच्या पाटीसारखं वाटलं. बैठकीत त्यांनी नवं सुचवलं: 'प्रोपिड्यूटिक गणित'.

सगळ्यांनी माना डोलावल्या. "वा, नेमका!" भौतिकशास्त्राचा नायजेल म्हणाला. "मी कधीपासून हाच शब्द शोधत होतो."

इंग्लंडमध्ये बैठकीत एकाचं बिस्किट खाली पडलं तर चौघं माफी मागतात, पण न कळलेल्या शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही. चारचौघांत पँट सुटलेली त्यापेक्षा बरी.

मी नंतर शब्दकोश उघडला. मूळ ग्रीक. मुख्य विद्येआधी जी पूर्वतयारी शिकवतात, तिचं हे विशेषण. म्हणजे क्रिस्पिन चुकले नव्हते, आणि वैताग त्याचाच होता. ज्याला हा शब्द कळतो त्याला त्या वर्गाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला तो कळत नाही. इतका चोख गाळणकागद आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा नाही.

शब्द लवकरच चहाच्या खोलीत पोचला. नायजेल बैठकीआधी 'प्रोपिड्यूटिक चहा' घ्यायला लागला.

"चहा काही शिकवत नाही, नायजेल," मी म्हटलं. "त्यात शिकवणं पाहिजे. पियानो शिकणाऱ्याकडून आधी नुसते सूर घोटून घेतात ना, त्याला म्हण हवं तर."

"अगं, मग तुझं हे प्रवचनच प्रोपिड्यूटिक झालं की!" असं म्हणून त्यानं माझ्या बशीतलं बिस्किट उचललं.

वर्गाला दोनच नावं आली. त्यातले एक निवृत्त पाद्री होते, ग्रीक जाणणारे. शुक्रवारपर्यंत दहा जण झाले नाहीत तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मॉरीनची नोकरीही बंद.

"मुलांना रसच नाही, मॉरीन," क्रिस्पिन हळहळले. "नावाचा अर्थ समजावणारं एक प्रास्ताविक व्याख्यान ठेवू या का?"

"तयारीची तयारी," मॉरीन मला जिन्यात म्हणाली. "तोवर मलाच निघायच्या तयारीला लागावं लागेल, बाळ."

शुक्रवारी पहिलं प्रात्यक्षिक झालं. अर्ध्या मुलांची द्रावणं चुकली. मी सांगितलं, "शेजारी मॉरीनचा वर्ग आहे. ज्यांचं गुणोत्तर अडतंय त्यांनी तिकडे जावं." सगळे आपापले बूट बघायला लागले. जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं.

मी जाऊन मॉरीनला सांगितलं. ती म्हणाली, "चल, माझ्यामागे उभी राहा."

"कुठे?"

"माझ्या वर्गाच्या दारासमोर. आणि तोंड उघडू नकोस."

आम्ही दोघी बंद दाराकडे तोंड करून उभ्या राहिलो. प्रयोगशाळेतून एक मुलगी बाहेर पडली, चालता चालता थबकली.

"रांग इथूनच का?"

"हो, बाळ," मॉरीन म्हणाली.

ती माझ्यामागे उभी राहिली. तिच्यामागे दोन मुलगे, मग आणखी काही जण. रांग कशाची आहे, हे कुणी विचारलं नाही. एक जण मध्येच घुसू पाहत होता, त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो बिचारा जिन्यापाशी शेवटी जाऊन उभा राहिला.

मॉरीननं दार उघडलं. सगळे क्रमानं आत जाऊन बसले. तिनं फळ्यावर एक छेद दोन लिहिलं, तेव्हा मागे एक खुर्ची करकरली. पण भर वर्गातून उठून जायचं तर सगळे बघणार. खुर्ची गप्प झाली.

"याचं अर्धं किती?"

ती पहिली मुलगी पुटपुटली, "पाव?"

"पावच. बघा, अगदीच बुडालेलं नाहीये. आता नावं द्या."

दहाच्या वर गेले. तेवढ्यात क्रिस्पिन आले, मी उभी होते त्या दारातून भरलेला वर्ग पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघितलंस?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "शब्द मुरायला वेळ द्यावा लागतो. पुढच्या वर्षी तुझ्या प्रयोगशाळेलाही असंच एखादं नाव शोधू या."

"क्रिस्पिन," आतून मॉरीनचा आवाज आला, "आत या नाहीतर बाहेर जा. वारा येतोय."

"माफ करा," म्हणत त्यांनी दार हलकेच लावून घेतलं.