न पुसलेला कोपरा

मी एक जुना डस्टर आहे, मित्रांनो. एका सुताराने खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्याची मला पाठ दिली आणि पोटाला लोकरी पट्ट्या डकवल्या. तेव्हापासून मी एकाच शाळेत, एकाच फळ्याखाली राहतो. दिवसभर लिहिलेले खातो. नद्या, राजे, बेरजा, सगळे पोटात एकत्र होते. दुपारी उन्हात खडूची धूळ तरंगू लागली की मला अर्धवट स्वप्ने पडतात, त्यांत राजे नद्यांची बेरीज करतात.

आमच्या खोलीत सकाळी सातवी भरते, दुपारी चौथी. सातवीची गणिते अर्ध्या फळ्यावर तशीच उरलेली असत. चौथीच्या बाईंचा शिरस्ता असा, की ज्याचे काम आधी झाले, त्याने तो अर्धा फळा पुसायचा.

"झालं, बाई!"

"झालं? मग पूस फळा."

रोज एकच मुलगी यायची. वर्ग तिला 'झटपट' म्हणे. मला वाटे, काय माझा मान! पण ती पुसायची फार सावकाश. एक ओळ वाचायची, थांबायची, बोटाने धुळीत काहीतरी लिहायची, मगच मला फिरवायची. तिच्या मुठीत मलाही गुंगी येई.

"बाई, ही पुसत नाहीये, झोपा काढतेय!" मागून कोणीतरी ओरडले.

बाईंनी मला तिच्या हातातून घेऊन वर्गातल्या सर्वांत उंच मुलीकडे, 'लंबूताई'कडे दिले. लंबूताईने तीन फटक्यांत फळा साफ केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी माझ्याच समजलो.

तेव्हापासून मी लंबूताईच्याच हाती; झटपट काम संपवून बाकावर हात ठेवून बसू लागली. पुढे तिची वही सगळ्यांच्या शेवटी येऊ लागली, तीही अर्धी कोरी.

एकदा तिची आई आली. बाई कौतुकाने म्हणाल्या, "हल्ली किती शांत बसते!"

"घरीही शांतच असते. आधी प्रश्न विचारून डोकं खायची हो. आता विचारलं तर म्हणते, काही नाही."

बाईंचा चेहरा उतरला. चाळीस मुलांत शांत मूल म्हणजे त्यांना विसावाच वाटला होता. त्यांनी मुलीला जवळ घेतले.

"फळा पुसताना काय करायचीस गं?"

"मोठ्यांची गणितं सोडवायचे."

"सुटायची?"

"काही सुटायची. काही सुटायच्या आत पुसावी लागायची."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक उभी रेघ मारून कोपऱ्यात सातवीचे एक गणित ठेवले. "ह्या कोपऱ्यात डस्टर फिरवायचा नाही. इथलं गणित ज्याला हवं त्याने सोडवावं, हवे तितके दिवस घ्यावेत."

पहिले गणित झटपटने दोन दिवसांत सोडवले. दुसरेही. तिसऱ्याला मात्र ती अडली, नखे खाल्ली, डबा विसरली. लंबूताईने कागदाच्या घड्या घालून उत्तर काढले आणि सांगायला तोंड उघडले.

"थांब! सांगू नकोस ना!" झटपट किंचाळली. किती दिवसांनी तिचा असा मोठा आवाज ऐकला मी!

मित्रांनो, मला भिंतीवर आपटू नका, माझ्या पट्ट्या सुटत आल्या आहेत. आणि कोणाचे काम आधी झाले, तर लगेच मला त्याच्या हाती देऊ नका. आधी विचारा, "अजून काही सोडवायला हवंय?" उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा.