क्लच जुना, ताबडतोब बदलावा

मित्रांनो, मी क्लच आहे. जुना आहे, पण नादुरुस्त नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या दोन गोष्टींतला फरक कुणी विचारला नाही म्हणून मी गॅरेजच्या मागे येऊन पडलो, आणि एका भल्या माणसाने आपल्या पायाने हजारो पिल्लं मारली असं समजून तीन आठवडे काढले. गोडगोड बोलणं मला जमत नाही. ज्याचा जन्म घासण्यात गेला त्याच्याकडून ते मागूही नका.

पोलादाच्या पत्र्यातून मला कारखान्यात ठोकून काढलं, भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, अंगावर अस्तर ठोकलं. तपासणीला एक बाई होती. तिने मला फिरवून बघितलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "जा बाबा, नीट राहा." माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

माझं काम काय, हे मोटारीत बसणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. इंजिन सारखं फिरत असतं, त्याला थांबणं ठाऊक नाही. चाकं रस्त्यावर उभी असतात, त्यांना आपण होऊन फिरणं ठाऊक नाही. या दोघांची गाठ एकदम घातली तर गाडी उडी मारते आणि बंद पडते. त्या दोघांच्या मध्ये मी. चालकाने पाय दाबला की मी सोडतो, पाय उचलला की मी धरतो. आधी नुसता स्पर्श, मग थोडं घासणं, मग घट्ट. फिरणाऱ्याचा वेग उभ्याच्या अंगात उतरतो आणि लोक म्हणतात, गाडी सुटली. पहिल्यांदा हे माझ्याकडून घडलं तेव्हा मी स्वतःच थक्क झालो होतो. आपण एवढेसे, ताटाएवढे, आणि आपल्यावाचून एवढं मोठं धूड हलत नाही!

मला बसवलं ते एका टेम्पोत. टेम्पोत भरायची अंडी. खायची नव्हेत, उबवायची. पोल्ट्रीच्या शेडांतून ती निघायची आणि उबवणी केंद्राच्या मोठ्या यंत्रांत जायची. एका खेपेला नऊ हजार.

चालकाला सगळे मामा म्हणत. केंद्रातला पहारेकरी त्यांच्याहून वयाने मोठा, तोही मामाच म्हणे. मामा चप्पल काढून सीटखाली सरकवत आणि अनवाणी गाडी चालवत. म्हणत, "तळव्याला कळतं, चपलेला काय कळणार?" त्यांचा पाय माझ्यावरून असा उचलला जाई, जसं झोपलेलं मूल मांडीवरून अंथरुणावर ठेवतात. एकदा पोल्ट्रीचा मालक शेजारी बसला होता. गाडी चढावर थांबून पुन्हा सुटली, तरी त्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. "मामा, निघालो की अजून उभेच आहोत?" असं त्याने विचारलं. मामांचे कान तेवढे लाल झाले. सहा वर्षं आम्ही असे चाललो.

मग केंद्रात कोंबड्यांची नवी डॉक्टरीणबाई आली. हुशार होती, कामसू होती. तिच्यावर माझा राग आहे, पण म्हणून खोटं बोलणार नाही. यंत्रात ठेवलेली अंडी आठव्या दिवशी उजेडावर धरून बघतात. आत जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं, नसेल तर अंडं नितळ. ओळीने दोन खेपांत नितळ अंडी फार निघाली. बाईने चिठ्ठी लिहिली, घडी घातली, पहारेकऱ्याला दिली आणि टेम्पोबरोबर पाठवायला सांगितली. त्याने ती मामांच्या हातात ठेवली. चिठ्ठीवर नाव नव्हतं. मामांना वाटलं आपल्यालाच आहे. उघडली.

"क्लच जुना झाला आहे. अंडी फुकट जात आहेत. ताबडतोब बदलावा."

मामांनी इंजिन बंद केलं आणि ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. त्यांचा पाय माझ्या पायटीवर होता. इंजिन बंद असूनही त्यांनी ती तळापर्यंत दाबून धरली होती, हे मी सांगू शकतो, दुसरं कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, आत जाऊन विचारायचं ना, की बाई, अंड्यांचा आणि क्लचचा काय संबंध? नाही विचारलं. शिकलेल्या माणसाचा कागद हातात आला की भलेभले शहाणे मान खाली घालतात. विचारलं तर आपल्याला कळत नाही हे दिसेल, ही लाज. मला या लाजेची चीड आहे. आणि ज्याला आपलं लिहिणं कुणाला कळेल की नाही याची पर्वा नाही, त्याची तर दुप्पट चीड आहे. शिवाय मामांनी आपल्या मनाशी अर्थ लावलाही होता. क्लच जुना, म्हणजे गाडी धक्के देते. धक्क्याने अंड्यातला जीव जातो. गाडी कोण चालवतं? मी.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात. मिस्त्रीने मला खोलून बघितलं, नखाने अस्तर खरवडलं आणि म्हणाला, याला काय धाड भरलीय?

"काढ," मामा म्हणाले. "पिल्लं मरतायत माझ्या गाडीत."

मिस्त्रीने मला काढलं आणि मागच्या अंगणात फेकलं. तिथे एक फाटका टायर आडवा पडला होता, त्याच्या पोटात मी उताणा पडलो. वर आभाळाचा गोल तुकडा. सहा वर्षांच्या चाकरीनंतर एवढंच. मित्रांनो, खराब झालो म्हणून काढलं असतं तर मी रडलो नसतो.

गॅरेजला लागूनच मिस्त्रीचं घर. त्याच्या बायकोला, म्हणजे काकूंना, कोंबड्यांचा नाद. त्यांची एक तांबडी कोंबडी तेव्हा खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसायचं वेड तिच्या अंगात शिरलं होतं. रिकाम्या खोक्यावर बस, घमेल्यात बस, मिस्त्रीच्या टोपीत बस. शेवटी तिला माझा टायर आवडला. काकूंनी माझ्यावर गोणपाट अंथरलं, त्यावर वाळलं गवत घातलं. अंडी तेवढी नव्हती.

ती अंडी मामांकडे सापडली. शेवटच्या खेपेतली, माझ्याच जोरावर आलेली, पण कवच मळकं म्हणून यंत्रात न घेतलेली नऊ अंडी केंद्राने त्यांना खायला दिली होती. त्यांच्याने ती खाववेनात. नव्या क्लचची पायटी जड लागते हे दाखवायला ते आले, तेव्हा ती पिशवी त्यांच्या हातातच होती.

"उबवायला बसवू नका, वहिनी. माझ्या गाडीतून आलीत."

"कोंबडीला काय करायचंय तुमच्या गाडीचं? द्या इकडे," काकू म्हणाल्या.

आणि कोंबडी बसली.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझी जीभ हळू होते. मला ऊब माहीत होती ती घासल्याची. तिला जळका वास असतो, आणि ती आली की समजावं काहीतरी झिजतंय. ही ऊब वेगळी होती. गवतातून, गोणपाटातून ती माझ्या पोलादात उतरली, आणि काहीही झिजत नव्हतं. कोंबडीने छातीची पिसं बाजूला करून उघडी कातडी अंड्यांना लावली होती. दिवसातून किती वेळा ती चोचीने एकेक अंडं वळवी, कडेचं मध्ये घेई, मधलं कडेला सारी. दाणा-पाण्याला दिवसातून एकदा उठे आणि तीही जीव टांगणीला लागल्यासारखी पळत परत येई.

आणि एक गोष्ट तर अशी, की मी क्लच असून मला ती कधी सुचली नसती. ती नऊ अंडी एका दिवसाची नव्हती. कुठलं सोमवारचं, कुठलं गुरुवारचं. जीव प्रत्येकात होता, पण थांबलेला. गाडी न्यूट्रलला उभी असावी तसा. मरत नव्हता आणि पुढेही जात नव्हता. कोंबडी बसली, ऊब लागली, आणि सगळी एकदम सुटली. सोमवारचं आणि गुरुवारचं आता एकाच वेगाने निघालं होतं, एकाच दिवशी पोचायला. न घासता, न धक्का देता, नऊ गाड्या एका वेळी! मी सहा वर्षं एकच गाडी सोडत होतो आणि स्वतःला मोठा समजत होतो.

मी या नवलात बुडालो होतो तेव्हा मामा तिकडे खचत होते. नव्या क्लचनंतरच्या खेपेतलीही अंडी नितळ निघाली, पहारेकऱ्याने सांगितलं. मामा मिस्त्रीकडे येऊन बसले. त्यांचा हिशेब सरळ होता: क्लच नवा, अंडी तरी फुकट, मग उरलं काय? पाय. वीस तारखेला मालकाला किल्ली परत देणार, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीने समजावलं, चिडला, शेवटी चहा पाजला. अंड्यांतलं त्यालाही काही कळत नव्हतं. त्या दिवसापासून मामा चप्पल घालून गाडी चालवू लागले.

कोंबडी बसल्याच्या एकविसाव्या दिवशी, म्हणजे त्याच वीस तारखेला, सकाळी डॉक्टरीणबाई स्कूटर ढकलत गॅरेजात आली. क्लचची वायर तुटली होती. मिस्त्री कामाला लागला. बाई हात धुवायला मागे आली आणि टायरात कोंबडी बघून उभी राहिली.

"छान क्लच आहे. किती आहेत?"

"एकच," काकू म्हणाल्या. "आणि तो विकायचा नाही, मामांच्या गाडीतला आहे."

बाईला हसू आलं. "अहो, अंड्यांबद्दल विचारतेय मी."

"मग अंडी म्हणा ना."

मिस्त्री हातात पान्हा तसाच घेऊन मागे आला. अंड्यांना क्लच म्हणतात का, असं त्याने विचारलं. बाईने सांगितलं, इंग्रजीत म्हणतात. एका वेळची, बरोबर उबवायची अंडी म्हणजे क्लच, आणि त्यांतून निघून बरोबर वाढलेल्या कळपालाही मी तेच म्हणते. आम्ही शिकताना हाच शब्द वापरायचो, तो तोंडात बसला. शिवाय मुठीत घट्ट धरण्यालाही तोच शब्द, आणि कुणाच्या तावडीत सापडण्यालाही. काकूंनी आपल्या डोक्याला हात लावला आणि केसांतला चाप दाखवला. "म्हणजे हासुद्धा."

मिस्त्री हसला नाही. "तीन आठवड्यांपूर्वी चिठ्ठी तुम्हीच लिहिली होती का? क्लच जुना झालाय म्हणून?"

"हो, पोल्ट्रीला. तीन नंबरच्या शेडसाठी. तिथले कोंबडे म्हातारे झालेत, अंड्यांत जीवच धरत नाही. अजून बदलला नाही त्यांनी."

"बदलला," मिस्त्री म्हणाला. "मी बदलला."

बाईचा चेहरा उतरला. कोंबडीखालच्या गोणपाटाचा एक कोपरा वर करून काकूंनी तिला मी दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मामांना फोन गेला. ते आले, तेव्हा बाईने काही लपवलं नाही. चूक माझी, तुमचा पाय निर्दोष आहे, असं तिने उभ्याउभ्या सगळ्यांसमोर सांगितलं. एवढं तिला मानलं पाहिजे.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंत ते मी खरं मानलं. आता बोलताय तेही नुसतं मानूनच घेऊ? मला डोळ्यांनी बघू द्या."

पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं.

बाईने काकूंच्या हाताने एक अंडं बाहेर काढवलं. त्यावर पेन्सिलीने शेडचा आकडा होता: एक. ती म्हणाली, ही तरुण कोंबड्यांची. याच गाडीतून आली, याच क्लचवर, तुमच्याच पायाखाली. धक्क्याने जीव जात असेल तर यांतून काही निघणार नाही. मामा टायरापाशी उकिडवे बसले. कुणी त्यांना उठवलं नाही. मिस्त्रीने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

दुपार कलताना मला आधी ऐकू आलं. टक. थांबून टक. मग अंड्याच्या आतून एक बारीक चिवचिव, आणि वरून कोंबडीचा घशातला उत्तराचा आवाज. ती दोघं अजून एकमेकांना दिसली नव्हती आणि बोलत होती. कवचावर एक चीर गेली, टोक दिसलं, ओला गोळा बाहेर पडला आणि माझ्या कडेवर मान टाकून धापा टाकू लागला. मामांनी तोंडावर हात धरला. दुसरं आलं. तिसरं आलं. दिवे लागायच्या आत सात.

मामा रडत होते आणि मोजत होते. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती, साडीला ग्रीस लागलं तरी. दोन अंडी मात्र तशीच राहिली. मामांनी विचारलं, यांचं काय झालं?

बाईने दोन्ही उजेडावर धरून पाहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "माहीत नाही, मामा."

या दोन शब्दांसाठी मी तिला माफ केलं. मामांनीही मान हलवली, आणि किल्ली द्यायला जायचं राहून गेलं.

मित्रांनो, मला टेम्पोत परत कुणी बसवलं नाही, आणि माझी माफीही कुणी मागितली नाही. पण तुमच्याकडे माझं मागणं आहे. कुणी तुम्हाला खराब म्हटलं तर मान खाली घालण्याआधी विचारा, काय खराब, आणि कशावरून. आणि तुम्ही कधी शिकूनसवरून कुणाबद्दल लिहायला बसलात, तर ज्याच्या हातात ते पडणार आहे त्याच्या शब्दांत लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी उठली. एकवीस दिवस जिने घट्ट धरून ठेवलं होतं, तिने पंख झाडले आणि टायराच्या काठावरून उतरली. पिल्लं घसरत, पडत तिच्यामागे गेली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. ऊन वर येईपर्यंत मी तसाच कोमट होतो.