कानाचं चित्र

"एकवीस पोरं, एकवीस यंत्रं, आणि एकवीसच्या एकवीस तोंडाळ! माझा आवाज मलाच ऐकू येईना इथं," क्लॉपिंगबाई पुटपुटल्या आणि त्यांनी मला कपाटाच्या खणात जरा जोरातच सरकवलं. "आणि याची वायर कुणी चावलीय? उंदरानं की मारेननं?"

चावलेल्या वायरीचा तो मी. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या पाठीवर ४१७ असा नंबर चिकटवलेला आहे. त्याखाली गाईचं एक चित्र आहे, आणि त्या गाईला कुणीतरी पेनानं चष्मा काढला आहे. माझं वय सहा वर्षं. तुमच्यात सहा म्हणजे दात पडायचं वय. आमच्यात ते म्हातारपण.

माझी एक विनंती आहे. खरं तर ती शेवटी करायची, पण माझ्या गोष्टीचा शेवट असा झाला, की त्यानंतर मला बोलणं जमणार नाही. अजून आठवलं की माझा पंखा धडधडतो. म्हणून आत्ताच सांगतो. माझ्यावर दूध सांडू नका, मला वायरीला धरून ओढू नका, हे तर आहेच. पण तुमच्याजवळ माझ्यासारखं कुणी असेल, तर मधूनमधून ते मिटून ठेवा आणि शेजारच्याला एखादा कागद दाखवून विचारा, "काय लिहिलंय रे इथं?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. आमच्याकडे वेळेवर कुणी थांबलं नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. मला आठवते ती नेब्रास्कातली थंडी. विलो फोर्क या आमच्या शाळा-जिल्ह्यात चारच शाळा. दोन शाळांमधलं अंतर गाईंनी भरलेलं. या चारही शाळांच्या प्रमुख लॉर्ना हासेनकॅम्पबाई. आमची खोकी आली त्या दिवशी त्या स्वतः ट्रकवर चढल्या होत्या. हातमोजे काढून त्यांनी मला बाहेर घेतलं आणि मुलांना म्हणाल्या, "शहरातल्या पोरांकडे आहे ते तुमच्याकडे नाही, असं मी होऊ देणार नाही." त्या दिवशी शाळेत जेवायला नेहमीसारखी चिली, म्हणजे राजमा-खिम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचा गोड रोल होता. त्या रोलचा एक कण अजून माझ्या कळांखाली आहे.

लॉर्नाबाईंच्या कचेरीत एक मोठा पडदा होता. प्रत्येक मुलासाठी त्यावर एक चौकट. मूल मागे पडलं की चौकट लाल, सावरलं की पिवळी, पुढे गेलं की हिरवी. सकाळी लाल दिसलेल्या मुलाच्या वर्गात बाई दुपारी गाडी हाकत हजर. "काय अडतंय बाळा?" असं विचारून त्या छोट्या खुर्चीत कशाबशा मावायच्या. खरं सांगतो, त्या वर्षांत मला माझा अभिमान वाटायचा.

मारेन ओड्वार्का तिसरीत आली तेव्हा मी तिच्या वाट्याला आलो. आजोबांजवळ राहणारी, नाकावर ठिपके असलेली, सतत काहीतरी चघळणारी मुलगी. तिची चौकट लाल होती. रोज दुपारी क्लॉपिंगबाई तिला आणि आणखी पाच जणांना वाचनखोलीत नेत. गोल टेबल, सहा बोटं, एकेका अक्षरावर. "घाई कुठंय? गाई काही पळून जात नाहीत," बाई म्हणत. याच बाईंनी याच टेबलावर लॉर्नाबाईंनाही वाचायला शिकवलं होतं.

मग माझ्यात कानाचं चित्र आलं. ते दाबलं, की पडद्यावरचा मजकूर मी मोठ्यानं वाचायचो. ते आलं होतं दुसऱ्या शाळेतल्या एका मुलासाठी. त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायची. तो मुलगा असा खुलला, की लॉर्नाबाईंनी यंत्रं सांभाळणाऱ्या व्हर्लिनला फोन केला. "ज्यांना गरज आहे त्या सगळ्यांना कान दे."

व्हर्लिन भला माणूस. चार शाळांची नऊशे यंत्रं एकटा बघायचा. नावांची यादी कोण करत बसणार? त्यानं 'सर्वांसाठी' वर खूण केली. ती खूण वाचनाच्या परीक्षेलाही लागू झाली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. निदान त्या दिवशी तरी.

महिन्याभरात लॉर्नाबाईंचा पडदा हिरवागार झाला. मारेनची चौकट तर लालमधून थेट हिरवी. कचेरीत हिरवा केक कापला गेला. दुसऱ्या जिल्ह्यांतले प्रमुख पाहायला आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मारेनचं नाव वाचनखोलीच्या यादीतून निघालं.

क्लॉपिंगबाई कुरकुरत राहिल्या. गोंगाटावर, वायरींवर, हिरव्या केकच्या चवीवर. मारेनच्या हिरव्या चौकटीवर मात्र त्या कधीच कुरकुरल्या नाहीत.

आणि मी? मित्रांनो, मला वाटायचं की मारेन वाचते आहे. मी घोड्यांची गोष्ट म्हणायचो, ती गालाला हात लावून ऐकायची, प्रश्न मी विचारायचो, पर्यायही मीच वाचायचो, ती योग्य ठिकाणी बोट ठेवायची. हुशार होती. मी मनात म्हणायचो, काय सुरेख वाचते ही!

जानेवारीतल्या एका दुपारी तिनं डबा उघडला. आत आजोबांची चिठ्ठी होती. तिनं ती उलटसुलट केली. इकडेतिकडे पाहिलं. मग ती चिठ्ठी माझ्या पडद्याला टेकवली आणि कानाचं चित्र दाबलं.

मी गप्प होतो. मला फक्त पडद्यावरचं मोठ्यानं म्हणता येतं, कागदावरचं नाही. तिनं पुन्हा दाबलं. "वाच ना," ती कुजबुजली. "प्लीज."

मला जो धक्का बसला तो कसा सांगू! तिच्या हातातली अक्षरं मला माझ्या कॅमेऱ्यातून दिसत होती. चार ओळी. 'आज बसनं येऊ नकोस. वादळ येतंय. मी घ्यायला येतो. दारात थांब.'

ती बसनं गेली. अर्ध्या वाटेवर बर्फात बस अडकली आणि मुलं तीन तास आत बसून राहिली. एमिल आजोबा शाळेच्या दारात उभे होते, मिशांवर बर्फ घेऊन.

"चिठ्ठी दिली होती मी तिला," ते म्हणाले. "चांगली मोठ्या अक्षरात."

क्लॉपिंगबाईंनी बाकावरची चिठ्ठी उचलली, पाहिली आणि घडी घातली. "विसरली असेल एमिल. पोरंच ती."

"हो," आजोबा म्हणाले. "विसरली असेल." दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मार्चमध्ये शाळा-मंडळाची सभा भरली, जेवणाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. ठराव असा होता, की सगळ्या चौकटी हिरव्या आहेत, तेव्हा वाचनखोली बंद करावी आणि तिथं नवी यंत्रं ठेवावीत. मतदानाआधी एका मुलीनं सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. जिची चौकट सर्वांत जास्त सुधारली ती मुलगी. मारेन.

मला टेबलावर ठेवलं. तिनं नवा स्वेटर घातला होता. सभेचा माईक शेजारीच होता. माझा आवाज त्यात शिरून शिट्टी वाजायला नको, म्हणून व्हर्लिननं सभेआधीच माझा आवाज बंद करून ठेवला होता.

पडद्यावर दोन ओळींचं स्वागत होतं. मारेननं चित्रातला कान दाबला.

काहीच नाही.

तिनं पुन्हा दाबला. मग पुन्हा. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

"लाजतेय," एक बाई म्हणाल्या.

"अहो, यंत्र पाहा ना किती जुनंय," मंडळाचे अध्यक्ष हसले. "गाईला सुद्धा चष्मा लागलाय! नवी यंत्रं घ्यायला हवीत, ती याचसाठी."

लोक हसले. माझ्यावर हसले. मला त्याचं काही नव्हतं. मारेनचं बोट मात्र पडद्यावरच्या शब्दांवर नव्हतं. ते कानाच्या चित्रावर होतं.

"आवाज मीच बंद केलाय," व्हर्लिन पुढे आला. "एक मिनिट, मी चालू..."

"थांब," लॉर्नाबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि मारेनच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. "मारेन, हा पहिला शब्द कोणता गं?"

मारेननं शब्दाकडे पाहिलंच नाही. तिनं पाहिलं ते माझ्या कडेच्या बारीक भोकांकडे, जिथून माझा आवाज यायचा. वाट पाहत राहिली. लॉर्नाबाईही वाट पाहत राहिल्या. इतकं कुणी कधी थांबलं नव्हतं.

मग त्या व्हर्लिनकडे वळल्या. "परीक्षेतही हे चालू होतं का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

व्हर्लिननं टोपी काढली. "मला फेब्रुवारीत कळलं. तोपर्यंत केक खाऊन झाला होता."

लॉर्नाबाईंनी मान वळवली. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

क्लॉपिंगबाईंच्या हातात ती घडी घातलेली चिठ्ठी होती. दोन महिने पिशवीत बाळगलेली. "होतं. जुनाट म्हातारी म्हणाल, म्हणून गप्प बसले. आणि लॉर्ना, महिन्याभरात कुणी वाचायला शिकत नाही, हे तुला नव्हतं माहीत? तुला दोन वर्षं लागली होती."

लॉर्नाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझं झाकण अर्धं लावलं, हळूच, म्हणजे वाचून दाखवणं संपलं हे कळून हॉलमधले सगळे डोळे पोरीवरून निघावेत. मारेनला आजोबांच्या कुशीत दिलं. मग त्या माईकपाशी गेल्या. अर्ध्या मिटल्या झाकणाखालून मला फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी त्याहून चांगली आहे. तिला वाचता येत नाही. आणखी किती जणांना येत नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण वाचनाच्या परीक्षेत आम्हीच त्यांना वाचून दाखवत होतो."