शेवटची वेचणी आणि पातूरची माकडं

आमच्या ‘बोंडअळी’ या अकोल्याच्या हार्डकोर पंक बँडचा शेवटचा अल्बम २०१८च्या हिवाळ्यात निघाला. नाव ‘शेवटची वेचणी’. शेवटचा, कारण गिटारवाला गुलफाम नोकरीसाठी पुण्याला निघाला होता. नऊ गाणी. आठांत मी कापसाचा भाव, बोगस बियाणं आणि गाडीतून न उतरता पाहणी करणारे साहेब यांच्या नावानं घसा फुटेस्तोवर बोंबललो. सहावं मात्र संथ होतं, सायकलला पेरूची क्रेट बांधून बाजाराला निघणाऱ्या माझ्या बाबांवर. त्यांनी माझं एकही गाणं तोवर ऐकलं नव्हतं. हे एक तरी ऐकावं, एवढीच माझी हाव.

“हार्डकोरमंदी कोणी रडते काय बे?” गुलफाम म्हणाला. मी हट्टानं ठेवलंच.

पुण्याच्या एका वेबसाइटनं लिहिलं, ‘आठ गाणी जाळ, सहावं पुचाट.’ अमरावतीच्या कार्यक्रमात नेमकं उलटं. लोक सहाव्यापुरते थांबले आणि बाकीच्या वेळी चहाला गेले. मला दोघांचाही राग आला.

मग एक दिवस बाबांनी स्वतःहून पेनड्राइव्ह मागितला. मी हवेत! दुसऱ्या दिवशी सकाळी पातूरला आमच्या पेरूच्या बागेत गेलो, तर झाडाला भोंगा बांधलेला, त्यातून मी बोंबलतोय आणि माकडं धूम पळताहेत.

“लेका, फटाक्याले भेत नाईत, तुले भेतात!” बाबा म्हणाले. इतकं कौतुक त्यांनी मी दहावी पास झालो तेव्हाही केलं नव्हतं. तरी मी खट्टू झालो.

आठ दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या बागांत ‘बोंडअळी’ वाजू लागली. एवढे श्रोते आम्हाला जन्मात मिळाले नव्हते. मग शेजारचे खुशालराव तणतणत आले. “मनोज, सहावं गाणं लागलं का माकडं वापस येऊन बसतात. ते रडगाणं काढून टाक.”

मी तिथंच बांधावर लॅपटॉप उघडला. डोळ्यांत पाणी आलं, खुशालरावांना सर्दी सांगितली. त्यांच्या पेनड्राइव्हमधून गाणं पुसलं आणि बाबांपुढे हात केला.

बाबांनी आपला पेनड्राइव्ह खिशात टाकला. “आपल्यातलं राहू दे.”

“अन् माकडं?”

“साडेतीन मिनिटांत खाऊन खाऊन किती खातीन? तेवढा वेळ मी गोफण खाली ठेवतो.”